भुंगेऱ्याचा पत्ता

नव्या प्रजातीची बातमी येते तेव्हा ती एका क्षणाची गोष्ट म्हणून येते. अमक्या घाटात, तमक्या अभ्यासकाला, पूर्वी कुणीही न पाहिलेला जीव सापडला. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पावसात निथळणारे रान, बॅटरीचा झोत आणि त्यात सापडलेला तो जीव उभा राहतो आणि शोध तिथेच लागला असे आपण धरून चालतो. मोठ्या प्राण्यांच्या बाबतीत हे थोडेफार खपूनही जाते. कीटकांच्या बाबतीत ते मुळीच खरे नाही. कणकुंबीच्या रानात पालापाचोळा चाळून काढलेला चार मिलिमीटरचा काळपट भुंगेरा नवा आहे, की नव्वद वर्षांपूर्वीच कुणी त्याला नाव देऊन पेटीत ठेवला आहे, हे रानात उभे राहून जगातल्या कुठल्याही तज्ज्ञाला सांगता येत नाही. ते ठरते नंतर, मेजावर, सूक्ष्मदर्शकाखाली, जुने ग्रंथ आणि जुने नमुने समोर घेऊन ताडून पाहिल्यावर. आणि ठरलेले टिकते ते एका चिठ्ठीच्या बळावर, जिच्यावर तो जीव नेमका कुठे मिळाला हे लिहिलेले असते. वर्णन हाच खरा शोध आणि ठिकाण हा त्या वर्णनाचा कणा, असे माझे म्हणणे आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात कीटक गोळा करणारे हात पूर्वीही होते, आजही आहेत. कमतरता आहे ती वर्णन करणाऱ्यांची आणि नीट लिहिलेल्या पत्त्यांची.

हे म्हणणे तपासून पाहायला रोव्ह बीटल नावाच्या भुंगेऱ्यांइतका योग्य गट दुसरा नाही. स्टॅफिलिनिडी हे त्यांचे कुल. आजवर नाव मिळालेल्या त्यांच्या प्रजाती 60,000 हून अधिक आहेत. प्राणिसृष्टीत एवढा पसारा असलेली कुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. आपल्याकडे भुंगेरा म्हटले की आठवतो तो हुमणीचा: पहिल्या वळवानंतर संध्याकाळी कडुलिंबा-बाभळींवर जमणारा, जाड, तपकिरी, पाठीवर पुरते झाकण असलेला. चिकोडी-निपाणीकडच्या ऊसवाल्याला त्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. रोव्ह भुंगेरा मात्र भुंगेऱ्यासारखा दिसतच नाही. त्याचे कवचपंख इतके आखूड असतात की पोटाचे पाच-सहा खंड उघडेच राहतात. अंग लांबट आणि लवचीक, चाल तुरुतुरु, आणि डिवचले की पोटाचे टोक वर उचलण्याची सवय. बघणारा त्याला मुंगी किंवा वाळवी समजून सोडून देतो. त्या चिमुकल्या झाकणाखाली उडायचे पूर्ण लांबीचे पंख घड्या घालून ठेवलेले असतात. डाव्या पंखाची घडी वेगळी, उजव्याची वेगळी. जमिनीवर उतरल्यावर हा कीटक पोट वर वळवतो आणि त्याच्या टोकाने ढकलत ढकलत पंख आत सारतो. जपानी संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने ही क्रिया टिपली आणि 2014 मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. शेणाचा पोह, कुजलेले फणस, अळंब्या, ओढ्याकाठची ओली वाळू, मुंग्यांची आणि वाळवीची वारुळे, सगळीकडे या कुलातले कुणी ना कुणी असतेच. बहुतेक जण दुसऱ्या कीटकांची अंडी आणि अळ्या खाऊन जगतात. अ‍ॅलिओकॅरा वंशातल्या भुंगेऱ्यांची अळी तर माशीच्या कोषात शिरून आतल्या माशीवरच वाढते.

एवढ्या मोठ्या कुलात नवी प्रजाती 'सापडणे' ही अवघड गोष्ट नाहीच. अवघड आहे ती नवी आहे हे दाखवून देणे. याचा सर्वांत बोलका दाखला भारताबाहेरचा आहे, आणि तो खुद्द चार्ल्स डार्विनचा आहे. बीगल जहाजाच्या प्रवासात 1832 मध्ये डार्विनने अर्जेंटिनातल्या बाहिया ब्लांका इथे एक रोव्ह भुंगेरा उचलला. तो लंडनला पोचला आणि संग्रहालयाच्या गर्दीत हरवला. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठातले स्टिलियानोस चात्झिमानोलिस यांनी लंडनहून अभ्यासासाठी मागवलेल्या नमुन्यांत तो त्यांच्या नजरेला पडला आणि 12 फेब्रुवारी 2014 रोजी, डार्विनच्या जन्मदिवशी, 'डार्विनिलस सेडारिसी' या नावाने त्याचे वर्णन छापून आले. वंशच नवा निघाला. उचलल्यापासून नाव मिळेपर्यंत 182 वर्षे गेली. आता प्रश्न असा की हा भुंगेरा शोधला कुणी? उचलणारा डार्विन, पण डार्विनला आपण काय उचलले आहे हे कळलेले नव्हते, आणि ते कळेपर्यंत जगाच्या ज्ञानात काडीचीही भर पडलेली नव्हती. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. 182 वर्षांनंतरही तो नमुना कामी आला, कारण तो कुठून आला हे त्याच्यासोबत राहिले होते. हे उदाहरण टोकाचे आहे, असे कुणी म्हणेल. पण 2007 मध्ये वर्णन झालेल्या 600 प्रजातींचा नमुना घेऊन फ्रेंच संशोधकांनी हिशेब मांडला तेव्हा नमुना गोळा होणे आणि त्याचे वर्णन छापून येणे यांतले सरासरी अंतर जवळजवळ 21 वर्षे निघाले. म्हणजे आज जाहीर होणाऱ्या कित्येक नव्या प्रजाती एका पिढीआधीच गोळा झालेल्या असतात. त्या पेटीत पडून असतात, वर्णनकाराची वाट पाहत.

हे काम असते तरी कसे, ते जवळून पाहण्यासारखे आहे. टाचणी थेट अंगातून घालण्याइतका हा कीटक मोठा नसतो, म्हणून त्याला कार्डाच्या चिंचोळ्या तुकड्यावर डिंकाच्या थेंबाने चिकटवतात आणि टाचणी त्या कार्डातून जाते. पण वरून पाहून फारसे काही ठरत नाही. डोक्यावरचे खड्डे, शृंगिकांच्या पेरांची लांबी-रुंदी, कवचपंखांवरचे बारीक केस हे सगळे मोजावे, टिपावे लागतेच. तरी सख्ख्या प्रजाती बाहेरून इतक्या सारख्या असतात की निर्णय शेवटी नराच्या जननांगावर येऊन ठेपतो. त्यासाठी वाळलेला नमुना कोमट पाण्यात मऊ करायचा, पोटाच्या टोकातून बारीक सुईने ते अंग अलगद काढायचे, कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात त्यावरचे मांस विरघळू द्यायचे आणि ग्लिसरिनच्या थेंबात ठेवून वरून, खालून, बाजूने त्याचे चित्र काढायचे. अर्ध्या मिलिमीटरच्या त्या अवयवाचे टोक डावीकडे वळते की सरळ राहते, आतल्या पिशवीत काटे किती आणि कुठे, यावर एखादी प्रजाती उभी राहते किंवा कोसळते. मग तो अवयव त्याच टाचणीवर, त्याच नमुन्याखाली जपून ठेवायचा. त्यानंतर सुरू होते खरी कसोटी: त्या वंशातल्या जवळपासच्या प्रत्येक ज्ञात प्रजातीशी तुलना, एक-एक करून. यात घाईला जागाच नाही. जो एक नमुना अखेर नावाचा आधार म्हणून निवडला जातो त्याला होलोटाइप म्हणतात. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार 1999 नंतर छापल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या प्रजातीसाठी असा नमुना स्पष्टपणे ठरवणे आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे हे सांगणे बंधनकारक आहे. उद्या कुणाला शंका आली तर त्याने वर्णनकाराच्या शब्दावर विसंबू नये, जाऊन तो नमुना पाहावा, एवढाच याचा अर्थ. विज्ञानातला इतका साधा आणि इतका प्रामाणिक करार मला दुसरा माहीत नाही.

आता बेळगावकडे येऊ. भारतातल्या रोव्ह भुंगेऱ्यांवर काम करू पाहणाऱ्याला आजही माल्कम कॅमेरॉनचे खंड उघडावेच लागतात. हा मूळचा ब्रिटिश नौदलातला डॉक्टर. पुढे डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत कीटकांच्या वर्गीकरणाचे काम त्याने केले आणि 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेत 1930 ते 1939 या काळात रोव्ह भुंगेऱ्यांचे खंड लिहिले. त्याचा संग्रह लंडनच्या संग्रहालयात आहे. याच ग्रंथमालेतल्या भुंगेऱ्यांच्या खंडांत 'बेळगाव' हे ठिकाण पुन्हा पुन्हा भेटते. त्यामागे मुंबई इलाख्यातले वनाधिकारी होते. हर्बर्ट अँड्र्यूज हा त्यांतला एक. पुढे तो जमिनीवरच्या शिकारी भुंगेऱ्यांचा नामांकित तज्ज्ञ झाला. दुसरा टी. आर. बेल, धारवाड-कारवारकडच्या जंगलांत वर्षानुवर्षे फुलपाखरे, पतंग आणि भुंगेरे गोळा करणारा. आपली नोकरी सांभाळून या माणसांनी जे केले त्याबद्दल आदर वाटल्यावाचून राहत नाही. पण त्यांनी मागे ठेवलेल्या चिठ्ठ्यांतली मोठी उणीव आज आपल्याला भोगावी लागते. पुष्कळदा चिठ्ठीवर एकच शब्द असतो: बेळगाव. गाव नाही, उंची नाही, कधी कधी तारीखही नाही.

बेळगाव या एका शब्दात काय काय मावते, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. शहर सुमारे 750 मीटर उंचीवरच्या पठारावर. पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, जिथे मलप्रभा उगम पावते आणि पावसाळ्यात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. पूर्वेला अथणी-रायबागची कोरडी काळी जमीन. एकाच जिल्ह्यात पावसाचे मान काही पटींनी बदलते. पालापाचोळ्यात राहणाऱ्या रोव्ह भुंगेऱ्यांच्या अनेक शाखांनी, विशेषतः ओल्या डोंगराळ मुलखांत, पंखच टाकून दिले आहेत. असा बिनपंखी कीटक एक दरी ओलांडून दुसऱ्या डोंगरावर जाऊ शकत नाही. त्यामुळे त्यांची एकेक प्रजाती एकेका डोंगरापुरती असू शकते. अशा जिवाच्या चिठ्ठीवर नुसते 'बेळगाव' लिहिलेले असेल तर तो किल्ल्याच्या खंदकाजवळ मिळाला, वैजनाथाच्या डोंगरावर की भीमगडच्या दाट रानात, हे कळायला मार्ग उरत नाही. मग आज तुम्हाला कणकुंबीत तसाच दिसणारा भुंगेरा मिळाला तर तो तोच म्हणायचा की त्याचा शेजारी? शंभर वर्षांपूर्वी चिठ्ठीवर न लिहिलेल्या दोन शब्दांपायी आज महिनोन्महिने खर्ची पडतात. त्यात आणखी एक घोळ असतो. त्या चिठ्ठ्यांवर इलाख्याचे नाव म्हणून 'बॉम्बे' लिहिलेले असते. 1956 मध्ये बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, 1973 मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले, 2014 मध्ये शहराचे अधिकृत नाव बदलले. दूरदेशी बसून यादी करणारा माणूस 'बॉम्बे' वाचून तो कीटक मुंबईच्या खात्यात टाकू शकतो. म्हणूनच जुनी चिठ्ठी कधी बदलायची नसते, काढून टाकायची नसते. तिच्याखाली नवी जोडायची असते.

नेमक्या पत्त्याने काय साधते, याचाही दाखला याच जिल्ह्यात आहे, फक्त तो कीटकाचा नाही. खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ बारापेडे नावाची गुहा आहे. तिथल्या एका मोठ्या कानांच्या वटवाघळाचे वर्णन लंडनच्या ओल्डफिल्ड थॉमस यांनी 1913 मध्ये केले आणि त्याला 'ओटोमॉप्स रॉटोनी' हे नाव दिले, मुंबई इलाख्यातले वनाधिकारी आर. सी. रॉटन यांच्या सन्मानार्थ. (या रॉटनचा स्वतःचा जीव मुंग्यांवर होता, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी मुंग्यांवर लिहिलेले अजूनही वाचण्याजोगे आहे.) या वटवाघळाचे मूळ ठिकाण 'बेळगाव' एवढेच लिहिले गेले नाही. गुहा लिहिली गेली. कित्येक दशके जगात हे वटवाघूळ त्या एका गुहेपलीकडे माहीत नव्हते. अलीकडे ते मेघालयात आणि कंबोडियात आढळले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ज्या मोजक्या वटवाघळांना जागा मिळाली त्यांत हे एक. 2011 मध्ये भीमगड अभयारण्य जाहीर झाले, आणि त्यासाठी झालेल्या मागणीत बारापेडेच्या या वटवाघळाचे नाव सतत घेतले जात होते. 1913 च्या त्या वर्णनात गुहेचे नाव नसते तर शंभर वर्षांनी कोणत्या गुहेकडे बोट दाखवले असते? दुसरा दाखला हद्दीच्या पलीकडे, पण त्याच पाण्याचा. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापाशी, देवळाच्या कुंडात, एक लहानसा मासा मिळाला. 2020 मध्ये 'शिस्टुरा हिरण्यकेशी' या नावाने त्याचे वर्णन झाले आणि 2021 मध्ये महाराष्ट्र शासनाने तो उगम जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केला. तीच नदी पुढे आजरा, गडहिंग्लज करून संकेश्वरला येते आणि घटप्रभेला मिळते. नाव आणि ठिकाण एकत्र आले की कायद्याला धरायला काहीतरी मिळते. मी असे म्हणत नाही की नाव मिळाले म्हणून रान वाचले. रान वाचवले ते माणसांनी, चिकाटीने. पण त्यांच्या हातात कागद होता.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. वटवाघूळ निराळे, मासा निराळा. चार मिलिमीटरच्या भुंगेऱ्याला नाव दिल्याने कुणाचे काय अडले किंवा सुटले? उत्तर पावसाळ्यात भातखाचरांजवळच्या घरांत मिळते. रात्री दिव्याकडे एक सात-आठ मिलिमीटरचा कीटक येतो: डोके काळे, मान आणि पोट नारिंगी, आखूड कवचपंख निळसर चमकदार, पोटाचे टोक पुन्हा काळे. तो चावत नाही, नांगीही मारत नाही. पण मानेवर बसला म्हणून झोपेत चिरडला गेला की त्याच्या अंगातला रस लागलेल्या जागी दुसऱ्या दिवशी लाल पट्टा उठतो, मग फोड येतात. पुष्कळ जण त्याला नागीण समजतात आणि भलतेच उपचार सुरू होतात. हा पेडेरस फस्किपेस, रोव्ह भुंगेऱ्यांतलाच एक. जॉन कर्टिसने त्याचे वर्णन 1826 मध्ये केले. इटलीतल्या संशोधकांनी 1950 च्या दशकात त्याच्या अंगातले दाहक द्रव्य वेगळे केले आणि त्याला याच वंशावरून पेडेरिन हे नाव दिले. त्याची ओळख पूर्ण करायला सुमारे अडीच कोटी भुंगेरे लागले. पुढे 2002 मध्ये योर्न पील यांनी दाखवून दिले की हे द्रव्य भुंगेरा स्वतः तयार करत नाही, त्याच्या अंगात राहणारा एक जिवाणू तयार करतो. पेशीतली प्रथिने बनण्याची क्रिया हे द्रव्य रोखते, म्हणून कर्करोगावरच्या संशोधनातही त्याच्यासारखी रसायने तपासली गेली. आणि हाच कीटक भातावरच्या तुडतुड्यांचा शिकारी आहे, म्हणजे शेतात शेतकऱ्याच्या बाजूचा. हे सगळे ज्ञान एका नावाला लटकलेले आहे. नाव नसते तर इटलीतले निरीक्षण, जपानातले निरीक्षण आणि खानापूरच्या दवाखान्यातला रुग्ण ही तीन वेगवेगळी गूढे राहिली असती. पेडेरसचे महत्त्व कळले ते त्याचे वर्णन आधी झालेले होते म्हणून. आज ज्यांचे वर्णनच नाही त्यांच्यातले कोण उद्या उपयोगी ठरेल, हे आधी सांगायचा दावा मी करणार नाही. तसा दावा कुणी करत असेल तर त्याच्यावर विश्वासही ठेवणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक ताकदीचा आहे आणि तो शास्त्रज्ञच घेतात. डीएनए वाचणे आता स्वस्त झाले आहे. एका पायाचा तुकडा पुरतो. मग अर्ध्या मिलिमीटरच्या अवयवाची चित्रे काढत वर्षे कशाला घालवायची? जंगले ज्या वेगाने तुटत आहेत त्या वेगाशी हे हस्तकाम जुळणार नाही, हे म्हणणे खोटे नाही. 2021 मध्ये मायकेल शार्की आणि सहकाऱ्यांनी कोस्टा रिकातल्या 403 गांधीलवर्गीय परजीवी कीटकांना एकाच निबंधात, मुख्यतः डीएनएच्या आधारे आणि अगदी त्रोटक वर्णनावर नावे दिली. त्यावर मोठा वाद झाला. मला त्या वादात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे डीएनए हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. कॅमेरॉनच्या काळच्या वाळलेल्या नमुन्यांतून तो सहज निघत नाही. त्यामुळे नव्या नमुन्याचा डीएनए जुन्या नावाशी जोडायचा तर मध्ये शरीररचनेचाच पूल लागतो. नर-मादीची जोडी लावायला, अळी कुणाची ते ठरवायला मात्र डीएनएसारखे साधन नाही. ते वापरलेच पाहिजे. दुसरी गोष्ट अशी की कोस्टा रिकातल्या त्या कामाला जे काही बळ होते ते डॅनियल जॅन्झेन आणि विनी हॉलवॉक्स यांनी ग्वानाकास्तेच्या रानात चार दशके ठेवलेल्या नोंदींचे होते: कोणती अळी, कोणत्या झाडावर, कोणत्या जागी, कोणत्या दिवशी. म्हणजे जलद पद्धतीच्या सर्वांत धाडसी प्रयोगाचा पायाही ठिकाणाच्या नोंदीच होत्या. आपल्याकडे तो पाया नाही. यंत्र विकत घेता येते. चाळीस वर्षांच्या चिठ्ठ्या विकत मिळत नाहीत.

तिसरा आक्षेप मनाचा आहे, आणि म्हणून त्याला टाळून जाणे बरे नव्हे. नाव देण्यासाठी जीव मारायचा? फोटो काढून सोडून द्यावा. फुलपाखरांच्या, चतुरांच्या बाबतीत चांगल्या फोटोवर बरेच भागते आणि तिथे तसेच करावे. रोव्ह भुंगेऱ्यात ओळखीची खूण पोटाच्या आत असते, ती फोटोत येत नाही. दिव्याच्या एका खांबाखाली पावसाळ्याच्या एका रात्रीत किती कीटक मरतात, उसाला आणि तंबाखूला एका फवारणीत किती, याच्याशी अभ्यासाचे दहा नमुने ताडून पाहावेत. तरीही आक्षेपात एक खरी गोष्ट आहे. ज्या मेलेल्या कीटकाला चिठ्ठी नाही तो खरोखरच फुकट मेला. त्यामुळे या आक्षेपाचे प्रामाणिक उत्तर गोळा करणे थांबवण्यात नाही, एकही नमुना बिनचिठ्ठीचा न राहू देण्यात आहे.

सीमेचा प्रश्न यात आपोआप येतो. आंबोली, चोर्ला, भीमगड हा निसर्गाच्या हिशेबाने एकच सलग पट्टा. कागदावर तीन राज्ये, तीन वनखाती, तीन परवानग्या. अभयारण्यात नमुने घ्यायचे तर वन्यजीव कायद्याखाली परवानगी लागते, ती लागावीही. पण याचा परिणाम असा होतो की याद्या राज्यवार तयार होतात आणि 'राज्यातली पहिलीच नोंद' अशा मथळ्याने एखादा कीटक जाहीर होतो, जो पाच किलोमीटरवर, हद्दीपलीकडे, आधीच नोंदलेला असतो. ही नोंद चूक नसते, फक्त तिच्याने ज्ञानात भर अशी काहीच पडत नाही. निपाणीची मुले ज्या देवचंद महाविद्यालयात शिकतात ते अर्जुननगरला, कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे. माणसांनी हद्दीवर राहायची रीत शोधून काढली आहे. नोंदवह्यांनीही ती शिकायला हरकत नाही. भुंगेऱ्याच्या पत्त्यात राज्य शेवटी लिहावे आणि अक्षांश-रेखांश, उंची, ओढा, झाडोरा आधी. राज्यांची नावे बदलतात, जिल्ह्यांचे तुकडे पडतात. अक्षांश-रेखांश आहेत तिथेच राहतात.

नमुने कुठे ठेवायचे, हा प्रश्न भावनेने सोडवू नये. जुने होलोटाइप लंडन-ब्रसेल्सला आहेत याची खंत मलाही वाटते. पण ते तिथे शंभर वर्षे वाळवी-बुरशीपासून वाचले, हेही खरे. 2002 च्या जैवविविधता कायद्याने आता मार्ग आखून दिला आहे: नव्याने सापडलेल्या कोणत्याही प्रजातीची माहिती नियुक्त संग्रहालयाला कळवायची आणि नमुना तिथे जमा करायचा. 1916 मध्ये कोलकात्यात स्थापन झालेली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था अशा संग्रहालयांपैकी मुख्य. तिचे पश्चिम केंद्र पुण्याला आकुर्डीत आहे. शेतीशी संबंधित कीटकांसाठी बेंगळुरूची राष्ट्रीय संस्था आहे. बेळगावहून दोन्ही शहरे एका रात्रीच्या अंतरावर. होलोटाइप अशाच ठिकाणी असावा, कारण तो एकुलता एक असतो. पण त्याच प्रजातीचे जास्तीचे नमुने, ओळख पटलेले, चिठ्ठ्या लावलेले, खानापूर किंवा निपाणीच्या एखाद्या महाविद्यालयात का नसावेत? तुलना करायला समोर काही असल्याशिवाय इथला विद्यार्थी वर्णनकार होणार नाही. तो दुसऱ्याला नमुने पुरवणारा राहील, अँड्र्यूजच्या काळात होता तसाच.

शेतकी शाखेचे विद्यार्थी कीटकांची पेटी करून प्रात्यक्षिकाला जमा करतात. गुण मिळतात, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या पेट्यांतल्या पुष्कळ कीटकांचा भुगा होतो. त्यांत हुमणी असते, गेंड्या भुंगा असतो, फुलपाखरे असतात. दिव्याखाली आलेला एखादा आखूडपंखी भुंगेराही असतो, बहुधा 'इतर' या सदरात. माझी विनंती या पट्ट्यातल्या शिक्षकांना आहे, मराठी शाळेतल्या असोत की कन्नड. गुण देताना टाचणीवरचा कीटक किती देखणा आहे हे नंतर पाहा. आधी त्याखालची चिठ्ठी वाचा: गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, कशातून मिळाला, कुणी घेतला. मोबाइलमध्ये हे सगळे दिसते. वेळ लागतो दोन मिनिटे, आणि काळ्या न फिटणाऱ्या शाईचे एक पेन. चिठ्ठी नसेल तर पेटी परत करा. आणि जून-जुलैत दिव्याखाली आलेला, ओळख न पटणारा, आखूड पंखांचा कुणी भेटला तर त्याला हाताने चिरडू नका. कागदाने उचलून अल्कोहोलच्या कुपीत ठेवा, चिठ्ठी पेन्सिलने लिहून त्याच कुपीत टाका आणि ती कुपी आकुर्डीला किंवा बेंगळुरूला पाठवा.